पडद्याची दुमड

५ मार्च, गुरुवार

ही डायरी ह्यांच्या नव्या ऑफिसातून आली. ह्यांना लिहायचा कंटाळा, म्हणून माझ्या गळ्यात पडली. पहिले दोन महिने कोरेच गेलेत, पण इथे गप्पा मारायला कुणी मिळेपर्यंत हिच्याशीच बोलावं म्हणते.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना लाकडी, पायरी-पायरीला कुरकुरणारा. "बघ, तुझ्यासारखाच आहे," हे म्हणाले. घरात पाऊल टाकायच्या आधीच टोमणा! दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागच्या बाजूला गॅलरी. गॅलरीतून खाली चौकोनी अंगण दिसतं, त्यात मधोमध मातीचा एक रिकामा तुकडा. पुढच्या बाजूला रस्ता, बसथांबा, एक पावाचं दुकान आणि एक पडद्यांचं.

हे आमचं बारावं घर. ह्यांचं काम पूल बांधायचं. पूल झाला की फीत कापायला मोठी माणसं येतात आणि आम्ही ट्रंका बांधतो. ज्या पुलावरून लोक पुढे जन्मभर ये-जा करणार, त्यावरून आम्ही एकदाच जातो, सामानासकट. वाळवंटात राहिलो, जंगलात राहिलो, एका ठिकाणी तर दारं नसलेल्या पत्र्याच्या खोलीत वर्षभर राहिलो. लेकीच्या शाळा किती झाल्या ते तिलाच विचारावं लागेल.

इथे मात्र बांधायचं काही नाही. शहरात नदीवर जुने पूल आहेत, त्यांची तब्येत बघायची. हे त्यांना 'म्हातारे' म्हणतात. सहा महिने दोन्हीकडून पारखून बघायचं, आवडलं तर ऑगस्टअखेरीस कायमची सही. कायमची! ह्या माणसाला एका जागी पाच वर्षं बसलेलं मी पाहिलेलं नाही. बघू.

७ मार्च, शनिवार

आज पडदे लावले. आमचे पडदे म्हणजे एक प्रकरणच आहे. लग्नानंतरच्या पहिल्या बंगल्याला उंचच उंच खिडक्या होत्या, तेव्हा घेतलेलं हे कापड. तपकिरी, त्यावर पिवळी पानं. तेव्हा हौसेनं अस्सल जाड घेतलं, ते काही फाटायचं नाव घेत नाही. पुढच्या घराच्या खिडक्या बुटक्या निघाल्या. कापावं तर त्यानंतरच्या घराच्या पुन्हा उंच असल्या तर? म्हणून खालून दुमडलं आणि तुरपाई घातली. तेव्हापासून घर बदललं की तुरपाई उसवायची, नवी दुमड घालायची. कात्री म्हणून लावली नाही कधी. प्रत्येक दुमडीच्या जागी कापड विटून आडवी रेघ पडली आहे. एकेका घराची एकेक रेघ.

इथल्या खिडक्या बुटक्या. हातभर दुमडावं लागलं. पडदा खाली पोट सुटल्यासारखा दिसतो. दिसू दे.

हे घड्याळ घेऊन आले. माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं भिंतीवरचं घड्याळ, जे आमच्याकडे कायम स्टुलावर बसलेलं असतं. म्हणाले, "अगं, इथे एक खिळा मारू का?"

मी म्हटलं, "कशाला उगाच भिंत खराब करायची? जाताना परत बुजवत बसायचं."

"तेही खरं," म्हणाले आणि घड्याळ स्टुलावर ठेवलं.

तिसरी ट्रंक अजून उघडलेली नाही. त्यात अडीनडीचं सामान आहे. उघडायची घाई नाही.

१९ मार्च, गुरुवार

पडद्याच्या कड्या कमी पडल्या म्हणून खालच्या दुकानात गेले. दुकानवाली साठीची असेल. ठेंगणी, गळ्यात फितीला बांधलेली भलीमोठी कात्री. मी मनातल्या मनात तिचं नाव कात्रीबाई ठेवलं. इथली भाषा मला निम्मी कळते, उरलेली निम्मी ती हातवाऱ्यांनी सांगते, त्यामुळे आमचं छान चाललं.

नमुन्याला मी आमचा एक पडदाच काढून दाखवायला नेला होता. तिनं कड्यांकडे बघितलंच नाही. दुमड उलटी केली, माझी तुरपाई बोटानं चाचपली आणि विचारलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"हातानं?"

"मग काय पायानं?" हे मी मराठीत म्हटलं, पण तिला कळलं असावं. खो खो हसली. उद्या दुपारी ये म्हणाली.

२० मार्च, शुक्रवार

मला नोकरी लागली! पन्नाशीला आल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. दुपारी जेवण झाल्यावर दिवे लागेपर्यंत तुरपाया घालायच्या. हे घरी आले तेव्हा सांगितलं. हे इतके खूश झाले की मलाच शंका आली. "म्हणजे तुला इथे करमेल," म्हणाले.

म्हटलं, "आहोत तोवर वेळ जाईल."

ह्यांनी मान हलवली आणि बूट पुसायला घेतले. पुसलेलेच बूट होते.

५ एप्रिल, रविवार

हे मला नदीवर घेऊन गेले, म्हाताऱ्यांची ओळख करून द्यायला. पाच पूल आहेत. एक दगडी, तो म्हणे सगळ्यांत समजूतदार. एक लोखंडी, त्याला उन्हाळ्यात सांधेदुखी होते. हे कठड्यावर हात ठेवून किती तरी वेळ उभे. मग म्हणाले, "ह्याच्यावरून मी रोज जातो. रोज, तेच ते लोक दिसतात. एक बाई कुत्रा घेऊन येते, ती आता हात करते मला."

निघायचं नावच घेईनात. मला कळतं ना सगळं. एवढे पूल बांधणारा माणूस, त्याच्यावर दुसऱ्यांच्या पुलांना मलमपट्टी करायची वेळ आली. नवं बांधायला मिळत नाही, त्याची हुरहुर. दुसरं काय असणार?

१६ एप्रिल, गुरुवार

आज माझी अब्रू गेली.

दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी पडदे होते, बाहेर पेशंट बसतात त्या खोलीचे. कात्रीबाईला ताप होता, म्हणून म्हणाली, तूच मापं घे, तूच काप, तूच शिव. मापं बरोबर घेतली. पण कापड खिडकीपेक्षा चांगलं हातभर जास्त निघालं. कात्री हातात घेतली आणि हात पुढे जाईना. एवढं चांगलं मखमली कापड! म्हटलं, दुमडून टाकू, आपल्या पद्धतीनं. तिहेरी दुमड घातली. तुरपाई अशी सुरेख आली की मीच बघत बसले.

काल लावले. आज सकाळी एक आजोबा दात काढायला येऊन बसले असताना, त्या वजनानं दांडी भिंतीतून उखडली आणि पडदा, दांडी, कड्या, सगळं त्यांच्या डोक्यावर. आजोबांना लागलं काही नाही. पण ते पडद्यासकट जे उठले ते रस्त्यावर जाऊनच थांबले. दात काढून घ्यायला परत आलेच नाहीत.

डॉक्टर दुकानात येऊन ओरडून गेले. कात्रीबाई अंगात ताप असताना वरच्या तिच्या खोलीतून खाली आली, पडदा टेबलावर पसरला, माझी तिहेरी दुमड बघितली.

"कापलं का नाहीस?"

"पुढे लागलं तर असू दे म्हणून."

"पुढे म्हणजे कधी? त्याची खिडकी वाढणार आहे का?"

तिनं माझ्या हातात कात्री दिली आणि समोर बसून राहिली. कापलं. कचाकच आवाज झाला. पण पडदा मात्र नंतर असा सरळ पडला, की आधीचा तोच होता हे कुणाला सांगून पटलं नसतं.

हा किस्सा ऐकून हे इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मीही हसले शेवटी. ते आजोबा डोळ्यांपुढून जाईनात.

२ मे, शनिवार

ह्यांनी एक रोप आणलंय. कसलं तरी झाड आहे, मोठं होतं म्हणे, सावलीचं. अंगणातल्या त्या मातीच्या तुकड्यात लावायचं म्हणतात. इमारतीच्या रखवालदाराला विचारूनही आले होते, तो हो म्हणाला.

मी म्हटलं, "अहो, जमिनीत लावलं की तिथलंच झालं ते. कुंडीतच असू द्या. न्यायला सोपं पडतं."

"कुठे न्यायला?"

"कुठेही. आपलं काय, आज इथे तर उद्या तिथे."

गॅलरीत कुंडीत ठेवलं. हे त्याला पाणी घालताना त्याच्याशी बोलतात. पुरुष म्हातारे व्हायला लागले की असंच होतं म्हणे.

आणखी एक. ह्यांनी बाहेर केस कापून घेतले! एवढी वर्षं मी घरी कापत आले. ऑफिसच्या कोपऱ्यावर कुणी केस कापणारा आहे, त्याच्याशी ह्यांची दोस्ती जमली आहे. त्यानं ह्यांचं नाव लक्षात ठेवलंय, ह्याचंच कौतुक चाललंय. वाचनालयाचं कार्डही काढलं. दोन वर्षांचं. एकदम दोन वर्षांचं कशाला, वाया जाईल, म्हटलं तर कार्ड पाकिटात नीट ठेवून दिलं.

२३ मे, शनिवार

लिहायला सवडच नाही. दुकानात काम खूप. आता मी कापतेसुद्धा. कात्रीबाई बाजूला बसून चहा पिते आणि माझ्या चुका मोजते. ती विधवा आहे, मूलबाळ नाही, हे दुकान तिच्या सासूचं. सासू भयंकर होती म्हणे. सासूच्या गोष्टी सांगताना तिच्या भाषेतला प्रत्येक शब्द मला कळतो.

पाववाली आता मी दिसले की माझा पाव काढून ठेवते. मी दारातून पळत येताना दिसले तर बसवाला थांबतो. समोरच्या खिडकीतलं लहान मूल आमच्या पडद्यावरची पानं मोजतं, असं त्याच्या आईनं सांगितलं. अशा बारीकसारीक गोष्टी. पण बरं वाटतं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटतं. सकाळी उठल्यावर आपण कुठल्या देशात आहोत हे आठवावं लागत नाही आता.

ह्यांनी परत विचारलं, "खिळ्याचं काय करायचं?"

म्हटलं, "राहू द्या हो. त्या घड्याळाला आता स्टुलाचीच सवय झाली आहे."

२० जून, शनिवार

बड्या साहेबांचा फोन आला. ह्यांचे जुने साहेब, ज्यांच्यासोबत आम्ही निम्मं जग पालथं घातलं. जगाच्या दुसऱ्या टोकाच्या देशात नदी आहे, समुद्राएवढी. तिच्यावर पूल. चार-पाच वर्षांचं काम. साहेबांना हेच हवेत, दुसरं कुणी नको.

ह्यांनी चहा पिता पिता सांगितलं.

"मोठा पूल आहे," म्हणाले.

"हो का?"

"साहेबांना जुलैच्या मध्यापर्यंत उत्तर हवंय. तुला काय वाटतं?"

मी खिडकीतून खालच्या दुकानाकडे बघितलं. आणि तोंडातून काय निघावं? "माझं काय! मला दोन दिवस द्या, तिसऱ्या दिवशी ट्रंका दारात."

"हो. तू तर तयारच असतेस," हे म्हणाले.

ह्यांनी चहा अर्धाच ठेवला. नदी डोळ्यांपुढे दिसत असणार, चहाची काय शुद्ध!

२३ जून, मंगळवार

मला जायचं नाही.

लिहून तरी बघितलं. दिसायला किती लहान वाक्य आहे! पण ह्यांच्यासमोर बोलायला जीभ उचलत नाही. सगळी वर्षं मी एकच गोष्ट मिरवली, की ह्यांच्या बायकोचं कधी काही अडत नाही. कॅम्पवर बाकीच्यांच्या बायका रडायच्या, माहेरी निघून जायच्या. मी नाही. साहेब सगळ्यांना सांगायचे, बायको असावी तर अशी, हिला म्हणावं चल, की ही चप्पल घालून उभी. आता उतारवयात एकदम म्हणू, की मी नाही येत? आणि ह्यांना एवढा मोठा पूल मिळत असताना? आयुष्यात शेवटचा असेल एखादे वेळी. मी आडवी आले तर जन्मभर मलाच लागून राहील.

तेव्हा मूग गिळून गप्प बसायचं. दुसरं काय!

२८ जून, रविवार

लेकीचा फोन. ती तिच्या शहरात चांगली रुजली आहे. तिनं भिंतीत बसवलेलं कपाट करून घेतलंय, एवढं मोठं की घर पाडल्याशिवाय बाहेर निघायचं नाही. मी म्हटलं, "अगं, पुढे घर बदललं तर?" तर म्हणाली, "आई, म्हणूनच केलंय."

तिला नव्या पुलाचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला जायचंय?"

"माझा काय प्रश्न आहे?"

"तुझाच प्रश्न आहे. बाबांना जायचंय का?"

"न जायला काय झालं? नदीकाठी जाऊन तास तास उभे राहतात. चेहरा बघ एकदा."

"त्यांना सरळ विचार ना."

"पुरुषांना सरळ विचारलं की ते वाकडं उत्तर देतात."

"मग तू सरळ सांग."

मी विषय बदलला. कपाटाला रंग कुठला दिला ते विचारलं.

१० जुलै, शुक्रवार

ह्यांचं जेवणात लक्ष नाही. दोनदा मला काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि परत मिटलं. काल मी तिसऱ्या ट्रंकेवरची धूळ झटकत होते, तर दारात उभं राहून बघत राहिले. "तुझी तयारी सुरू झाली वाटतं," म्हणाले. धूळ झटकणं म्हणजे तयारी? पण मी तरी काय सांगणार? म्हटलं, "आपलं हाताशी असावं." ह्यांनी कुंडीतल्या रोपाला पाणी घातलं. तासापूर्वीच घातलं होतं.

१३ जुलै, सोमवार

हे ऑफिसला निघताना दारातच म्हणाले, "मी शुक्रवारी साहेबांना होकार कळवतो. तू एवढी तयार आहेस, तर मी कशाला अडून बसू?"

"हं," म्हटलं.

जिना उतरताना प्रत्येक पायरीचा आवाज आला. इतके सावकाश कधी उतरत नाहीत. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. भांडी घासता घासता रडले, म्हणजे दोन्ही कामं झाली.

१५ जुलै, बुधवार

आज कात्रीबाईला सांगायचं ठरवून गेले. वाक्य पाठ केलं होतं तिच्या भाषेत. 'आम्ही जाणार. तुम्ही फार चांगल्या आहात.' एवढंच. ती दारातच उभी होती. मला हाताला धरून आत नेलं. टेबलावर कापडाचे तागे रचलेले. मोठ्या हॉस्पिटलचं काम आलंय, अख्ख्या मजल्याच्या खिडक्यांचे पडदे. पुढच्या वसंतापर्यंत पुरेल एवढं काम.

म्हणाली, "हे तुझं. मापं तू घेणार, कापणार तू. मी नुसती चहा पिणार. माझे गुडघे गेले, आणि तुझा हात बसला आता."

मी तोंड उघडलं, पाठ केलेलं वाक्य म्हणायला. आणि म्हणाले, "हो. मी करेन."

माझ्याच कानांवर माझा विश्वास बसेना. ह्यांना न विचारता! इतक्या वर्षांत मी एकटीनं ठरवलेली पहिली गोष्ट, आणि ती पुढच्या वसंतातली. कात्रीबाईनं माझ्या पाठीवर अशी थाप मारली की ठसका लागला.

घरी येताना मात्र पाव घ्यायलाही विसरले. हे परवा तिकडे होकार देणार, आणि मी इकडे देऊन बसले. हे आले, जेवले, वर्तमानपत्रात डोकं घातलं. मला सांगायला जमलं नाही. तीन वेळा 'अहो' म्हटलं आणि तिन्ही वेळा मीठ हवं का विचारलं.

१६ जुलै, गुरुवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सकाळी हे गेल्यावर बैठकीच्या खोलीत बसून होते. ऊन आलं होतं. पडदा दोन्ही बाजूंना ओढलेला, खाली तो हातभर दुमडीचा फुगा. त्याच्याकडे बघता बघता एकदम राग आला. त्या पहिल्या बंगल्यानंतर ह्या पडद्यानं एका घरात म्हणून सरळ पडून दाखवलं नाही. कायम पोटाशी पुढच्या घराचं कापड धरून.

स्टुलावरचं घड्याळ जमिनीवर ठेवलं, स्टुलावर चढले आणि दोन्ही पडदे काढले. तुरपाई उसवली. जमिनीवर पसरले. सगळ्या रेघा दिसायला लागल्या. ही जंगलातली. ही पत्र्याच्या खोलीतली. ही लेकीला गोवर झाला होता त्या घरातली. सगळ्यांत खालची, त्या पहिल्या बंगल्याची, जेव्हा मी नवी नवरी होते आणि दिवसातून दहा वेळा पडदे उघडमीट करायची.

रडू येत होतं आणि हातही चालत होता. टेप लावली, खडूनं आखलं, दुमडीपुरतं बोटभर जास्त ठेवलं आणि कात्री घातली. जाड कापड, दात-ओठ खाऊन कापावं लागलं. एक झाला, दुसरा झाला. मग तुरपाई घालून परत टांगले.

असे सरळ पडले! खिडकीच्या अंगाला बरोब्बर बसले. खोली एकदम मोठी वाटायला लागली.

आज दुकानाला दांडी मारली. कात्रीबाईला खिडकीतूनच पडदा हलवून दाखवला. तिनं खालून दोन्ही हात वर केले.

संध्याकाळी हे आले. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. आधी पडद्यांकडे बघितलं. मग जमिनीवरच्या पट्ट्यांकडे. मग माझ्याकडे. ऑफिसची बॅग हातातच.

"हे काय केलंस?"

"कापले."

"अगं, पण... पुढे लागलं तर?"

मी सगळा धीर गोळा केला. "पुढे म्हणजे कुठे? आपली खिडकी वाढणार आहे का?"

हे हळूच खाली बसले, पट्टी उचलली, एका रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता चिडणार. एवढा मोठा पूल हातचा जातोय. मी म्हटलं, "मला इथेच राहायचंय. मला नाही जायचं आता कुठे. तुम्हाला वाईट वाटेल, माहीत आहे मला, पण मला नाहीच जायचं."

हे उठले ते थेट फोनकडे. मला थांब म्हणाले नाहीत, की विचार करू म्हणाले नाहीत. नंबर फिरवला आणि माझ्यासमोर उभं राहून बोलायला लागले.

"साहेब, नमस्कार. नाही जमायचं... नाही नाही, तब्येत उत्तम आहे... पैशांचा प्रश्नच नाही हो... नाही, बायकोचीही तब्येत चांगली आहे." शेवटी म्हणाले, "साहेब, आता कसं सांगू तुम्हाला? अहो, घरी पडदे कापलेत."

तिकडे साहेबांना काय कळलं देव जाणे. इकडे ह्यांनी फोन ठेवला, बॅगेच्या बाहेरच्या खणात हात घातला आणि एक खिळा काढला. चांगला मोठा, काळ्या डोक्याचा. हातोडी दाराआडच्या कपाटात होती, ती मला आजच कळली.

"कुठे मारू?"

मी जागा दाखवली. दाराच्या समोर, जेवताना दिसेल अशी. ठाक, ठाक, ठाक. भिंतीचा थोडा चुरा जमिनीवर पडला. मी तो झाडलासुद्धा नाही. बघत राहिले.

१९ जुलै, रविवार

रोप अंगणात लावलं. रखवालदारानं खड्डा आधीच खणून ठेवला होता. म्हणाला, मी मे महिन्यातच खणला होता, मधूनमधून माती ढिली करत होतो. काय हा माणूस तरी, कुणी सांगितलं होतं त्याला?

तिसरी ट्रंक उघडली. वर जुने स्वेटर, खाली लेकीच्या शाळेतल्या चित्रांची गुंडाळी आणि तळाशी मी जिथे-तिथे शोधत होते ती माझी मोठी कढई.

ह्यांनी माझ्यासाठी एवढा मोठा पूल सोडला, हे मी कधी विसरणार नाही. मन मारलं असेल बिचाऱ्यांनी. दाखवत मात्र काही नाहीत. परवापासून शीळ घालतात, जिना दोन-दोन पायऱ्या चढतात, काल तर केस कापणाऱ्याला आमच्याकडे चहाला घेऊन आले. दुःख झाकायची एकेकाची पद्धत असते.

हे मी लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. "आई, बाबांच्या बॅगेत खिळा कधीपासून होता, विचारलंस का?" म्हटलं, "असेल ऑफिसातला एखादा. पुलावर खिळे पडलेलेच असतात." त्यावर ती आणखी हसली. हिला एवढं हसायला काय झालं कोण जाणे. कापलेल्या पट्ट्या मला पाठव म्हणाली. एक पाठवेन. एक माझ्याकडे राहू दे.

घड्याळ जरा डावीकडे कललंय. सरळ करते म्हटलं तर हे हात लावू देत नाहीत. किती वाजले बघायचं झालं की माझी मान अजून खाली स्टुलाकडेच जाते, आणि मग आठवण होऊन वर बघते. होईल सवय. घाई कुणाला आहे?